हिवाळ्यात घरच्या घरी छोट्यांचे विज्ञानप्रयोग : पालक वारंवार विचारतात ते प्रश्न

आमच्या सोसायटीतल्या चार ते आठ वर्षांच्या मुलांबरोबर मी रविवारी सकाळी छोटे प्रयोग करते. दिवाळी सरून गारवा सुरू झाला, की फोनवर प्रश्न येऊ लागतात. आई-बाबांचे असतात, आजी-आजोबांचे तर त्याहून जास्त. तेच तेच प्रश्न पुन्हा येतात, म्हणून उत्तरं एका जागी लिहून ठेवली आहेत. क्रमानं वाचायला हवं असं नाही; फक्त प्रश्न १८ कुठलाही प्रयोग करण्याआधी वाचा.

१. आपल्याकडे बर्फ पडत नाही. मग हिवाळ्याचे प्रयोग करायचे तरी कसे?

हा प्रश्न सर्वात जास्त येतो, कारण इंटरनेटवरचे बहुतेक प्रयोग बर्फाळ देशांतले आहेत. मग घरोघरी शेव्हिंग फोम आणि खाण्याचा सोडा कालवून पांढरा लगदा केला जातो आणि त्याला हिमवर्षाव म्हटलं जातं. मुलं त्यात रमतात, पण त्यातून त्यांना थंडीबद्दल काही कळत नाही.

आपला हिवाळा आपल्या घरातच दिसतो. खोबरेल तेल थिजतं, तूप रवाळ होतं, दही लागायला वेळ घेतं. स्वेटर काढताना चटचट आवाज येतो, दुपारची सावली लांब पडते, गवतावर दव येतं. यातलं प्रत्येक म्हणजे एकेक प्रयोग आहे आणि मूल तो रोज पाहतं. आपण फक्त ‘असं का?’ एवढं विचारायचं.

२. कितव्या वर्षापासून सुरुवात करावी?

तीन-साडेतीन वर्षांचं मूल हात लावून पाहतं, तेवढं पुरे. थिजलेलं तेल तळहातावर वितळताना पाहणं, बर्फ हातात धरणं, गार ताटलीवर फुंकर मारणं त्याला जमतं. चार-पाच वर्षांचं मूल आधी अंदाज सांगू शकतं. सहाच्या पुढे घड्याळ बघणं, मोजपट्टी लावणं, वहीत चित्र काढणं जमतं. सावलीचा प्रयोग (प्रश्न १४) सहाच्या आत करू नका. कित्येक महिन्यांचा धीर त्या वयात नसतो.

३. काय सामान आणावं लागेल? थर्मामीटर कोणता घ्यावा?

बहुतेक सगळं स्वयंपाकघरात असतं : खोबरेल तेल, खडे मीठ, तुरटी, स्टीलचे पेले, वाट्या, बर्फाचा ट्रे, लोकरीची कानटोपी, जाड दोरा. वेगळं असं काही आणू नका.

थर्मामीटर नसला तरी चालतं. घ्यायचाच असेल तर भिंतीवरचा साधा खोलीचा किंवा स्वयंपाकघरातला डिजिटल घ्या. तापाचा थर्मामीटर इथे उपयोगाचा नाही, कारण तो साधारण ३५ ते ४२ अंशांपर्यंतच दाखवतो. पाऱ्याचा असेल तर मुलांच्या हाती देऊच नका.

मुलांना एक गोष्ट जरूर सांगा. आंदेर्स सेल्सियस या स्वीडिश शास्त्रज्ञानं १७४२ मध्ये आपली मोजपट्टी मांडली, तेव्हा ती आजच्या उलट होती : पाणी उकळतं तिथे ० आणि गोठतं तिथे १००. पुढे ती फिरवून घेतली गेली. ‘मोठ्यांनी पण बदललं?’ असं मुलं विचारतात, आणि ते विचारणं मला फार आवडतं.

४. अगदी पहिला प्रयोग कोणता करावा?

खोबरेल तेलाचा. निःशंकपणे.

शुद्ध खोबरेल साधारण २४ अंशांच्या आसपास थिजतं. पुणे, नाशिक, सातारा, छत्रपती संभाजीनगर, नागपूर, कुठेही डिसेंबर-जानेवारीच्या रात्री खिडकीजवळ तेवढं तापमान सहज उतरतं. पारदर्शक बाटलीत किंवा काचेच्या वाटीत तेल घेऊन रात्री खिडकीत ठेवा आणि झोपण्यापूर्वी विचारा, ‘सकाळी हे कसं दिसेल?’ उत्तर काहीही येवो, तेच वहीत लिहा.

सकाळी लवकर उठलात तर मधली अवस्था सापडते. तेल एकदम पांढरं होत नाही. आधी बाटलीच्या कडेला कापसाच्या पुंजक्यासारखे पांढरे ठिपके धरतात, ते आत पसरत जातात आणि मधे थोडं पातळ तेल अडकून राहतं. बाटली हळूच कलती केली की ते मधलं तेल हलताना दिसतं. मी गेल्या वर्षी हे एका पाच वर्षांच्या मुलीला दाखवलं, तर ती बाटली डोळ्याला लावून कितीतरी वेळ बसून राहिली. शेवटी म्हणाली, ‘ढग आहे आत.’

मग वितळवण्याची शर्यत लावा. एक चमचा तेल उन्हात, एक कोमट पाण्यातल्या वाटीत, एक मुलाच्या तळहातावर. आधी कोणतं वितळेल? तळहातावरचं लगेच चकाकू लागतं, कारण आपली त्वचा २४ अंशांपेक्षा बरीच गरम असते. ‘माझा हात उन्हासारखा आहे’ हा शोध मुलाला स्वतः लागू द्या. नंतर तेच तेल डोक्याला लावून टाका.

आपल्या भाषेनं इथे एक सोय करून ठेवली आहे. पाणी गोठतं, पण तेल-तूप थिजतं. मुलांना दोन्ही शब्द वापरू द्या. दोघांच्या वागण्यातला फरक प्रश्न ६ मध्ये दिसेल.

५. आम्ही मुंबईत राहतो. आमचं तेल थिजतच नाही.

मुंबईत आणि कोकणपट्टीत घरातलं तापमान पुष्कळदा २४ च्या खाली उतरत नाही. तेल फ्रिजच्या दारात ठेवा आणि दर पाच मिनिटांनी पाहा. फ्रीजरमध्ये नको, तिथे ते इतक्या झपाट्यानं थिजतं की मधली अवस्था निसटते.

दुसरं कारण तेलातच असू शकतं. केसांसाठी मिळणाऱ्या काही तेलांत दुसरी तेलं मिसळलेली असतात, ती थिजत नाहीत. पुडक्यावरची माहिती वाचा, किंवा त्याचाच प्रयोग करा : चार वाट्यांत खोबरेल, तूप, शेंगदाणा तेल आणि सूर्यफूल तेल घेऊन रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा. खोबरेल दगडासारखं होतं, तूप घट्ट, शेंगदाण्याचं गढुळतं किंवा दाटसर होतं आणि सूर्यफुलाचं पातळच राहतं. प्रत्येक तेलाचा थिजण्याचा आकडा वेगळा, हे कुणी न सांगता समजतं.

६. बर्फ पाण्यावर तरंगतो. मग थिजलेलं तेल पातळ तेलावर तरंगेल का?

सगळ्या यादीतला हा माझा सर्वात लाडका प्रश्न आहे. याचं उत्तर मोठ्यांचंही चुकतं.

बर्फाच्या ट्रेच्या एका कप्प्यात खोबरेल ओतून थिजवा. एका ग्लासात कोमट, पातळ खोबरेल घ्या. मुलांना अंदाज सांगायला लावा आणि थिजलेली वडी आत सोडा. वडी सरळ तळाशी जाते. (चमच्यानं खरवडून काढलेलं तेल वापरू नका, त्यात हवा अडकते आणि ते थोडा वेळ तरंगतं.) आता शेजारच्या पाण्याच्या ग्लासात बर्फाचा खडा टाका. तो तरंगतो.

जवळजवळ सगळे पदार्थ घट्ट होताना आकसतात, म्हणजे तेवढ्याच जागेत जास्त वजन मावतं आणि ते बुडतात. पाणी उलट वागतं. गोठताना त्याचे कण एकमेकांत जागा सोडून रचले जातात आणि ते साधारण ९ टक्के फुगतं. म्हणून बर्फ पाण्याहून हलका.

हा फरक नुसत्या डोळ्यांनीही दिसतो आणि मला तो दाखवायला प्रयोगापेक्षाही आवडतं. थिजलेल्या खोबरेलाच्या वाटीकडे वरून पाहा : मधोमध खळगा पडलेला असतो. बर्फाच्या खड्याकडे पाहा : मधे टेंगूळ आलेलं असतं. एक आकसलं, एक फुगलं. मुलांना दोन्हींवरून बोट फिरवू द्या.

पुढची पायरी हवी असेल तर रंग घातलेल्या पाण्याचा बर्फ करा आणि तो सूर्यफुलाच्या तेलात सोडा. बर्फ आणि हे तेल यांचा हलकेपणा जवळजवळ सारखा असतो, त्यामुळे खडा कधी वर तरंगतो, कधी मधेच रेंगाळतो. वितळलेल्या पाण्याचे रंगीत थेंब मात्र सावकाश तळाशी उतरत जातात. इथे खोबरेल नको. बर्फाभोवती तेच थिजून बसेल.

७. स्वेटर गरम असतो, हे मुलाला कसं समजवायचं?

समजवू नका, कारण ते खरं नाही. स्वेटर स्वतः गरम नसतो.

बर्फाचे दोन सारखे खडे दोन छोट्या प्लास्टिक पिशव्यांत घट्ट बांधा. एक पिशवी लोकरीच्या कानटोपीत गुंडाळा, दुसरी ताटलीत उघडी ठेवा. विचारा : आधी कोणता वितळेल? जवळजवळ प्रत्येक मूल कानटोपीकडे बोट दाखवतं. ‘त्याला गरम होईल ना!’ अर्ध्या-पाऊण तासानं दोन्ही उघडा. उघड्यावरच्याचं बरंचसं पाणी झालेलं असतं, कानटोपीतला मात्र चांगला शाबूत असतो.

त्या क्षणी काही बोलू नका. मुलाला गोंधळू द्या. थोड्या वेळानं विचारा, ‘स्वेटर ऊब तयार करतो का, की फक्त इकडची तिकडे जाऊ देत नाही?’ लोकरीच्या धाग्यांत हवा अडकलेली असते आणि स्थिर हवेतून उष्णता फार हळू जाते. आपल्या अंगाची ऊब बाहेर जात नाही म्हणून आपल्याला उबदार वाटतं. बाहेरची ऊब आत येत नाही म्हणून बर्फ टिकतो. गोधडीचंही तेच. बर्फवाला लादी भुशात आणि गोणपाटात ठेवतो, तेही यासाठीच. १८३३ मध्ये अमेरिकेतल्या बोस्टनहून कलकत्त्याला जहाजानं बर्फ आला. सुमारे चार महिन्यांचा तो प्रवास त्यानं असाच गुंडाळलेल्या अवस्थेत केला. पुढे असा बर्फ मुंबईतही येत असे.

पिशवी घट्ट बांधायला विसरू नका. लोकर ओली झाली की अडकलेल्या हवेची जागा पाणी घेतं आणि प्रयोग फसतो.

८. सकाळी स्टीलचा डबा लाकडी पोळपाटापेक्षा गार का लागतो? दोन्ही एकाच ओट्यावर आहेत.

दोन्हींचं तापमान सारखंच असतं. थर्मामीटर लावून खात्री करता येते. स्टील आपल्या बोटातली ऊब भराभर ओढून घेतं, लाकूड हळूहळू. आपलं बोट वस्तूचं तापमान सांगत नाही, आपली ऊब किती वेगानं जाते आहे ते सांगतं. मग एकेक बर्फाचा खडा स्टीलच्या ताटावर आणि पोळपाटावर ठेवा. ‘गार’ ताटावरचा आधी वितळतो. याची आणि प्रश्न ७ ची जोडी छान जमते.

९. गार पाण्याच्या पेल्याला बाहेरून पाणी कुठून येतं?

‘पेल्यातून झिरपतं’ हे मुलांचं उत्तर असतं आणि ते अगदी शहाणं उत्तर आहे, कारण माठ खरोखरच झिरपतो. म्हणून ते तपासूनच पाहा. पेल्यातल्या पाण्यात हळद किंवा खाण्याचा रंग घाला आणि मग बर्फ टाका. बाहेरचे थेंब पांढऱ्या रुमालानं टिपा. रुमालाला रंग लागत नाही, म्हणजे हे पाणी आतलं नव्हे. ते हवेतलं. हवेत न दिसणारी वाफ असते, ती गार स्टीलला भेटली की थेंब होते.

पहाटेचं दव असंच तयार होतं. निरभ्र रात्री गवत आणि गाड्यांचे टप आपली उष्णता उघड्या आकाशाकडे सोडून हवेपेक्षाही गार होतात. म्हणून झाडाखाली उभी केलेली गाडी पुष्कळदा कोरडी असते आणि मोकळ्यावरची ओली. सकाळी शाळेत जाताना दोन मिनिटं थांबून हे बघा.

१०. स्टीलच्या पेल्यावर पांढरे हिमकण आणायचा प्रयोग आम्ही केला, पण नुसतं पाणीच आलं.

पेला ० अंशांच्या खाली गेला नाही. नुसत्या बर्फानं तो जात नाही, मीठ लागतं. चार वाट्या बारीक फोडलेला बर्फ आणि एक वाटी खडे मीठ स्टीलच्या उंच पेल्यात घाला आणि लांब चमच्यानं दोन-तीन मिनिटं ढवळा. मिठामुळे बर्फ शून्याखालीही वितळत राहतो, वितळायला लागणारी उष्णता आजूबाजूची ओढून घेतो आणि मिश्रण आणखी गार होतं. उत्तम जमलं तर मीठ-बर्फ उणे २१ अंशांपर्यंत जाऊ शकतं. घरात त्याच्या अलीकडे थांबतं, पण तेवढं पुरतं. हातानं फिरवायच्या पॉट आईस्क्रीमभोवती मीठ-बर्फ भरतात, त्याचं कारण हेच.

सगळं नीट करूनही पांढरं येत नसेल तर हवा पाहा. किनारपट्टीच्या दमट हवेत आधी पाण्याचे थेंब धरतात आणि तेच गोठून काचेसारखा पापुद्रा होतो. ढवळायला लागल्यावर मिनिटभरानं पेला बाहेरून एकदा कोरडा पुसा, म्हणजे पुढची वाफ थेट पांढऱ्या कणांत बसेल. महाबळेश्वरला वेण्णा तलावाच्या काठी थंडीत हिमकण दिसल्याच्या बातम्या येतात, ते दवच गोठलेलं असतं. तिथे हवा शून्याच्या वर असतानाही हे घडू शकतं, कारण गवत हवेपेक्षा गार झालेलं असतं (प्रश्न ९).

पेल्याला मुलांनी हात लावायचा नाही. प्रश्न १८ पाहा.

११. दोऱ्यानं बर्फाचा खडा उचलायचा प्रयोग दर वेळी फसतो.

बहुधा मीठ जास्त पडतं. खडा ताटलीत ठेवा, ओला सुती दोरा त्याच्यावर आडवा टाका, वर दोन चिमटीच मीठ भुरभुरा आणि मिनिटभर अजिबात हात लावू नका. मिठानं वरचा थर वितळतो, दोरा त्यात रुततो, मीठ पातळ होत जातं आणि पाणी दोऱ्याभोवती पुन्हा गोठतं. मीठ जास्त झालं तर ते पुन्हा गोठत नाही. खडाही फ्रीजरमधून नुकताच काढलेला हवा. ओलसर, घामेजलेला नको. नायलॉनचा दोरा निसटतो.

१२. माथेरानला तोंडातून वाफ येत होती, घरी का येत नाही?

श्वासात नेहमीच वाफ असते. बाहेरची हवा पुरेशी गार असली तरच ती बारीक थेंब होऊन दिसते, म्हणजे इवलासा ढगच. घरी स्टीलची ताटली दहा मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा आणि तिच्यावर ‘हा’ करून श्वास सोडा. ताटली धुरकट होते. त्यावर बोटानं नाव लिहायचं, पुसलं जाईपर्यंत मोजायचं. तीन वर्षांच्या मुलांसाठी याहून सोपा प्रयोग मला माहीत नाही.

१३. स्वेटर काढताना चटचट होतं आणि केस उभे राहतात. यातून काय करता येईल?

खोलीत अंधार करा, आरशासमोर उभे राहा आणि लोकरीचा किंवा सिंथेटिक स्वेटर झटकन काढा. बारीक ठिणग्या दिसतात. कपडे एकमेकांना घासले की विद्युतभार साठतो आणि संधी मिळताच उडी मारतो. वीज कडाडते तेव्हा हेच घडतं, फक्त फार मोठ्या प्रमाणावर.

कोरड्या केसांतून प्लास्टिकचा कंगवा दहा-पंधरा वेळा फिरवा आणि नळाच्या अगदी बारीक धारेजवळ न्या, धार वाकते. केसांना तेल लावलेलं नसावं. पावसाळ्यात हे जवळपास जमत नाही, कारण दमट हवेत भार टिकत नाही. विदर्भ-मराठवाड्यात झकास जमतं; रत्नागिरी-मालवणकडच्या वाचकांनी दुपारच्या कोरड्या वेळी करून पाहावं.

१४. हिवाळ्यात दुपारची सावली लांब असते, हे मोजायचं कसं?

गच्चीवर किंवा अंगणात एक मीटरची काठी सरळ उभी करा. कुंडीतल्या मातीत रोवली तर उत्तम. दुपारी सावली सर्वात आखूड असते तेव्हा टोकाला खडूनं खूण करा आणि मोजा.

ही सर्वात आखूड सावली बरोबर बारा वाजता पडत नाही. आपलं घड्याळ साऱ्या देशासाठी एकच आहे, सूर्य मात्र गावागणिक वेगळ्या वेळी डोक्याच्या वर सरकतो. डिसेंबरच्या अखेरीस पुण्यात ही वेळ साडेबाराच्या जरा पुढे येते, मुंबईत त्याहून चार मिनिटं उशिरा आणि नागपुरात सव्वाबाराच्या आसपास. म्हणून बारापासून एकपर्यंत दर दहा मिनिटांनी खूण करत राहा. सर्वात जवळची खूण शोधणं मुलांना शिकार केल्यासारखं वाटतं.

२१-२२ डिसेंबरला पुण्यात एक मीटर काठीची मध्यान्हीची सावली साधारण ९० सेंटिमीटर भरते. नागपूर उत्तरेला असल्यामुळे तिथे ती जवळजवळ काठीएवढी, ९८-९९ सेंटिमीटर. नागपुरात मामा किंवा मावशी असेल तर त्याच दिवशी तिथेही मोजायला सांगा आणि फोनवर आकडे जुळवा. दोन घरांच्या दोन काठ्यांवरून पृथ्वी गोल असल्याचा पुरावा मुलांच्या वहीत येतो. नंतर दर पंधरा दिवसांनी मोजा. सावली आखडत जाते आणि मे महिन्याच्या मध्यावर पुण्या-मुंबईत एका दुपारी ती काठीच्या पायाशी नाहीशीच होते.

सूर्याकडे थेट बघायचं नाही, हे दर वेळी सांगा.

१५. उत्तरायण संक्रांतीला सुरू होतं ना? मग २२ डिसेंबरलाच का मोजायचं?

हा प्रश्न आजोबांकडून येतो आणि तो योग्य आहे. सूर्य आकाशात उत्तरेकडे सरकायला लागतो तो २१-२२ डिसेंबरलाच. मकरसंक्रांत म्हणजे ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर सूर्याचा मकर राशीत प्रवेश, तो १४-१५ जानेवारीला होतो. साधारण १,७०० वर्षांपूर्वी या दोन घटना एकाच सुमारास घडत. पृथ्वीचा आस भोवऱ्यासारखा डुलतो, एक फेरी पुरी व्हायला सुमारे २६,००० वर्षं लागतात. त्यामुळे दर ७२ वर्षांत जवळजवळ एका दिवसाचं अंतर पडत गेलं.

मुलांसमोर भोवरा फिरवून त्याचं डुलणं दाखवलं तरी पुरे. आणि तिळगूळ संक्रांतीलाच द्या!

१६. बर्फाच्या पाकळ्यांसारखे स्फटिक करायचेत. व्हिडिओत बोरॅक्स सांगतात. चालेल का?

लहान मुलं असलेल्या घरात नको. बोरॅक्स म्हणजे टाकणखार. तो पोटात गेला तर अपाय होतो. त्याऐवजी तुरटी घ्या, कुठल्याही किराणा दुकानात मिळते.

३० ग्रॅम तुरटीची पूड १०० मिलिलिटर कडक गरम पाण्यात मोठ्यांनी विरघळवावी. पाणी फडक्यातून गाळून काचेच्या पेल्यात घ्या, वर पेन्सिल आडवी ठेवून लोकरीचा धागा आत सोडा आणि रात्रभर हलवू नका. सकाळी धाग्यावर चकाकणारे खडे असतात. गरम पाण्यात पुष्कळ तुरटी मावते, गार पाण्यात मावत नाही, मग जास्तीची बाहेर पडते. सावकाश गार झालं तर खडे मोठे होतात, म्हणून पेला रुमालात गुंडाळून ठेवलेला बरा. भिंगातून पाहिलं तर सुट्या खड्याला आठ पैलू मोजता येतात. एकदा मी घाईत पेला फ्रिजमध्ये ठेवला होता. पैलूदार खडे मिळालेच नाहीत, तळाशी नुसता पांढरा गाळ बसला. आता तो फ्रिजमधला पेला मी मुद्दाम जोडीला ठेवते.

तुरटीही खायची नाही, हात धुवायचे. खायचेच स्फटिक हवे असतील तर साखरेच्या दाट पाकात दोरा सोडा. आठवडा लागतो आणि मुंग्यांपासून जपावं लागतं.

१७. थंडीत दही लागत नाही. याचा प्रयोग होऊ शकतो?

जरूर. एकाच कोमट दुधाला विरजण लावून तीन वाट्या भरा. एक उघड्या ओट्यावर, एक दुलईत गुंडाळून, एक फ्रिजमध्ये. रात्री ठेवून सकाळी पाहा. विरजणातल्या जिवाणूंना ४० अंशांच्या आसपासची ऊब मानवते. गारठ्यात ते मंदावतात. दुलईतली वाटी जिंकते. ओट्यावरची अर्धवट असते आणि फ्रिजमधलं दूध दूधच राहतं. तीच फ्रिजची वाटी मग दुलईत ठेवा : जिवाणू मेले होते की नुसते सुस्तावले होते, हे दुपारपर्यंत कळतं. आजी विरजणाचं भांडं पिठाच्या डब्यात का ठेवायची, ते मुलं प्रश्न ७ वरून स्वतःच सांगतील.

१८. कोणती काळजी घ्यायचीच?

मीठ-बर्फाचं मिश्रण त्वचेला लावायचं नाही. ते शून्याच्या बरंच खाली असतं आणि काही क्षणांत भाजल्यासारखी इजा करतं. मोठी मुलं पैज म्हणून हे करतात. ते सक्त नको.

भरलेली, झाकण लावलेली काचेची बाटली फ्रीजरमध्ये ठेवायची नाही. पाणी फुगतं (प्रश्न ६) आणि काच फुटते. फुगण्याचा प्रयोग प्लास्टिकच्या बाटलीत करा. वर थोडी जागा सोडा, पाण्याच्या पातळीवर पेननं रेघ मारा.

फ्रीजरच्या धातूला ओला हात किंवा जीभ लावायची नाही, चिकटते. ड्राय आइस (गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) घरी आणायचा नाही. गरम पाणी, पाक, शेकोटी हे मोठ्यांचं काम. चार वर्षांच्या आतल्या मुलाला तोंडात मावणारा बर्फाचा खडा देऊ नका, घशात अडकू शकतो. वाटीएवढा मोठा खडा गोठवून द्या.

१९. गरम पाणी गार पाण्यापेक्षा आधी गोठतं, हे खरं का?

कधीकधी तसं दिसलं आहे, पण नेहमी नाही. टांझानियातला एरास्तो म्पेम्बा १९६३ मध्ये शाळकरी मुलगा होता. आईस्क्रीम करताना त्याचं गरम मिश्रण इतरांच्या आधी गोठलं. त्यानं विचारलं तेव्हा शिक्षकांनी हसण्यावारी नेलं. त्यानं प्रश्न सोडला नाही, आणि १९६९ मध्ये डेनिस ऑस्बर्न या भौतिकशास्त्रज्ञाबरोबर त्याचा निबंध प्रसिद्ध झाला. हे का आणि कधी घडतं, यावर शास्त्रज्ञांचं अजून एकमत नाही.

घरी दोन सारख्या स्टीलच्या वाट्यांत कोमट आणि साधं पाणी घेऊन करून पाहा. बहुतेक वेळा साधंच आधी गोठेल, आणि तीन वेळा करूनही निकाल सारखा येईलच असं नाही. सात वर्षांच्या पुढच्या मुलांना हे सांगा, की हा प्रश्न शाळेतल्या मुलानं विचारला होता आणि तो अजून उघडा आहे.

२०. मूल ‘का?’ विचारतं आणि मलाच उत्तर येत नाही. काय करू?

‘मला नाही माहीत, बघू या’ म्हणा आणि पुन्हा प्रयोग करा, या वेळी एकच गोष्ट बदलून. मीठ कमी, पेला वेगळा, वेळ वेगळी. घाईनं चुकीचं कारण सांगणं मात्र टाळा. ‘स्वेटर गरम असतो’ हे वाक्य मुलांच्या डोक्यातून काढायला मला कितीतरी रविवार लागतात.

२१. आम्ही टोरांटोला असतो, दाराबाहेर खरा बर्फ आहे. वेगळं काय करावं?

एक मोठी बरणी भुसभुशीत, नुकत्याच पडलेल्या बर्फानं काठोकाठ भरा, दाबू नका. वितळल्यावर पाणी किती येईल त्याची रेघ मुलाला बरणीवर मारू द्या. साधारण दहा भाग बर्फातून एक भाग पाणी निघतं, बाकीची सगळी हवा असते; बर्फ ओलसर असेल तर पाणी जास्त येतं, कोरडा असेल तर कमी. म्हणूनच तो बर्फ जमिनीवर गोधडीसारखा पडून राहतो (प्रश्न ७). थर्मामीटर आधी वरच्या थरावर आणि मग हातभर खाली खुपसून पाहा. कडाक्याच्या दिवशी खालचा आकडा वरच्यापेक्षा चढा असतो.

आणि खोबरेलाची बाटली घरात हीटरपासून लांबच्या खिडकीत ठेवा. त्याच दिवशी पुण्यात आजीनं ठेवलेल्या बाटलीशी व्हिडिओ कॉलवर जुळवून पाहा : ढग आधी कुणाच्या बाटलीत धरतो?